सेंद्रिय आंब्याच्या आयातीवर अमेरिकेत चेकऑफ: सूट कोणत्या मालाला, आणि मिळवायची कशी?

हापूसवाट

मंडळी नमस्कार. न्यू जर्सीतून ताज्या आंब्याची आयात चालते. चेकऑफच्या, म्हणजे शेतमालाच्या जाहिरात-संशोधनासाठी सक्तीने घेतल्या जाणाऱ्या वर्गणीच्या, आकारणीबद्दल नेमकी माहिती हवी आहे.

वर्षाचा माल साधारण ८ लाख ४० हजार पौंड. त्यातला २ लाख २० हजार पौंड माल मेक्सिकोतून येतो आणि तो अमेरिकन सेंद्रिय मानकाप्रमाणे प्रमाणित आहे. बाकीचा बहुतेक साधा, तोही मेक्सिकोचा. शिवाय एप्रिल ते जून वाशीहून विमानाने सुमारे २४ हजार पौंड हापूस आणि केसर येतो. त्या बागांकडे भारतातलं एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) सेंद्रिय प्रमाणपत्र आहे.

नॅशनल मँगो बोर्डाची पौंडामागे पाऊण सेंट आकारणी कस्टम्सकडे एण्ट्रीच्या, म्हणजे माल देशात आणल्याच्या नोंदीच्या, वेळीच भरली जाते, आणि ती सगळ्या मालावर सरसकट लागते आहे. प्रश्न असे:

१. सेंद्रिय आणि साधा असा दोन्ही माल आणणाऱ्याला सूट मिळते का? ‘सगळा धंदा सेंद्रिय असेल तरच’ असं दोन ठिकाणी ऐकलं.
२. हापूस-केसरला ती लागू होईल का?
३. आतापर्यंत भरलेले पैसे परत मिळतात का?
४. कस्टम्सचे कागद करणारा ब्रोकर म्हणतो, सेंद्रिय मालाचं इम्पोर्ट सर्टिफिकेट लावलेलं आहेच, सूट आपोआप मिळायला हवी होती. हे बरोबर आहे का?

---

पावतीपुस्तक

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण सगळी गल्लत तिथेच आहे. सूट आपोआप मिळत नाही. कधीच नाही. सेंद्रिय इम्पोर्ट सर्टिफिकेट आणि चेकऑफच्या सुटीचा क्रमांक हे दोन वेगळ्या कायद्यांखालचे दोन वेगळे कागद आहेत. पहिला कागद माल सेंद्रिय म्हणून देशात येऊ शकतो एवढंच सांगतो. १९ मार्च २०२४ पासून सगळ्याच सेंद्रिय आयातीला तो सक्तीचा झाला, म्हणून आता प्रत्येक फाइलीत दिसतो आणि ब्रोकर मंडळींना वाटतं काम झालं. आकारणी थांबवणारा कागद बोर्डाकडून घ्यावा लागतो.

आता पहिला प्रश्न. ‘सगळा धंदा सेंद्रिय हवा’ हे एके काळी खरं होतं. २००२ च्या फार्म बिलाने (अमेरिकेच्या शेतीविषयक कायद्याने) सूट दिली ती फक्त शंभर टक्के सेंद्रिय माल पिकवणाऱ्या-विकणाऱ्यांना, आणि साध्या मालाचा एक दाणाही असता कामा नये ही अट होती. त्यामुळे मोठा वर्ग बाहेरच राहिला. २०१४ च्या फार्म बिलाने ही अट काढली. अंतिम नियम ३१ डिसेंबर २०१५ ला प्रसिद्ध झाला आणि २०१६ पासून अंमलात आला. तेव्हापासून सूट मालाला बघून मिळते, तुम्ही बरोबरीने साधा माल हाताळता की नाही हे बघून नाही. तुमच्या २ लाख २० हजार पौंडांना सूट मिळू शकते, उरलेल्या मालावर आकारणी चालू राहील. जुने लेख वाचून सल्ला देणारे अजून २००२ चाच नियम सांगतात, तुम्हाला तसंच कोणीतरी भेटलेलं दिसतं.

पैशात बघा. ८,४०,००० पौंडांवर पाऊण सेंटाने ६,३०० डॉलर होतात. सेंद्रिय हिश्शाचे १,६५०. चाळीस हजार पौंडांच्या एका ट्रेलरमागे ३०० डॉलर. दरवर्षी एक अर्ज करून वाचणारे पैसे आहेत, सोडू नका.

पात्रतेसाठी तीन गोष्टी बघतात. माल ‘ऑरगॅनिक’ किंवा ‘१०० टक्के ऑरगॅनिक’ या दोनच वर्गांत प्रमाणित हवा. ‘मेड विथ ऑरगॅनिक’ हा ७० टक्क्यांचा वर्ग चालत नाही. दुसरं, अर्जदाराचं स्वतःचं सेंद्रिय प्रमाणपत्र चालू स्थितीत हवं. मेक्सिकोतल्या पॅकहाउसचं प्रमाणपत्र जोडून भागत नाही, ते पॅकहाउसचं आहे, आयातदाराचं नाही. तिसरं, मंजूर सेंद्रिय आराखड्याखाली काम चालू हवं. तुमचं आयातदार म्हणून प्रमाणपत्र २०२४ च्या नियमानंतर असणारच. त्यावर आंबा हे पीक नावानिशी आहे ना, तेवढं तपासा. ‘ताजी फळे’ असं मोघम लिहिलेलं असेल तर प्रमाणन संस्थेकडून यादी आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकेल.

आता कृती.

फॉर्म एएमएस-१५ भरायचा. तो कृषी खात्याचा आहे, पण पाठवायचा बोर्डाकडे, खात्याकडे नाही. सोबत प्रमाणपत्राची प्रत. पहिला अर्ज वर्षात कधीही करता येतो. पुढे दरवर्षी, नवं वर्ष सुरू होण्याआधी किंवा सुरू होताना, पुन्हा करायचा. बोर्डाला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. मंजूर झाल्यास सुटीचं प्रमाणपत्र येतं, नामंजूर झाल्यास त्याच मुदतीत कारण कळवावं लागतं.

आयातदाराला प्रमाणपत्राबरोबर अक्षरं आणि आकडे मिळून नऊ स्थानांचा एक क्रमांक मिळतो. तो दिल्याच्या तारखेपासून एक वर्ष चालतो. हा क्रमांक कस्टम्सच्या एण्ट्रीत, सेंद्रिय मालाच्या ओळीवर टाकायचा. ज्या ओळीवर क्रमांक आहे तिच्यावर आकारणी लागत नाही. नियमात शब्द ‘ओळ’ आहे, हे लक्षात ठेवा. एकाच ट्रेलरमध्ये ३,००० खोकी सेंद्रिय आणि १,००० साधी असतील तर कस्टम्सच्या एण्ट्रीच्या फॉर्म ७५०१ वर दोन ओळी हव्यात. सगळं एका ओळीत घालून वर क्रमांक चिकटवला तर साध्या मालावरही सूट घेतल्यासारखं होतं. तपासणीत ते निघालं की मूळ रक्कम, विलंब शुल्क आणि व्याज असा हिशेब मागे लागतो.

नेहमी चुकतं ते असं. अमेरिकन सेंद्रिय प्रमाणपत्राला संपण्याची तारीख नसते, ते परत करेपर्यंत, निलंबित किंवा रद्द होईपर्यंत चालतं. त्यामुळे सूटही चालूच राहील असं लोक धरून चालतात. सूट वर्षाची असते. त्यात दोन घड्याळं वेगवेगळी चालतात: अर्ज वर्षाच्या सुरुवातीला अडकवलेला, आणि क्रमांक दिल्याच्या तारखेला. मार्चमध्ये पहिला क्रमांक मिळाला असेल तरी डिसेंबरच्या सुरुवातीलाच पुढचा अर्ज पाठवा. पेरू देशातला आंबा त्याच सुमारास समुद्रात असतो, क्रमांक जुना ठरला तर पूर्ण आकारणी भरूनच कंटेनर सुटतो.

---

कलमबाग

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यामागची कारणं दोन आहेत आणि दोन्ही वेगळी समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण कागदाचं. भारताच्या एनपीओपी प्रमाणपत्रावर माल अमेरिकेत सेंद्रिय म्हणून विकता येई तो २००६ पासूनच्या मान्यता करारामुळे. अमेरिकेच्या कृषी खात्याने तो करार जानेवारी २०२१ मध्ये संपवला आणि १८ महिन्यांची मुदत दिली. ती १२ जुलै २०२२ ला संपली. त्यानंतर नुसत्या एनपीओपीला तिथे किंमत नाही. अमेरिकेच्या खात्याने अधिकृत केलेल्या संस्थेकडून थेट त्यांच्या मानकाचं प्रमाणपत्र लागतं. बाग तीच, खत-औषधांच्या नोंदी त्याच, पण कागद वेगळा.

हे कारण पैसे आणि वेळ घालून दूर करता येतं. दुसरं दूर करता येत नाही.

भारताचा ताजा आंबा अमेरिकेत जातो तो विकिरण प्रक्रिया करूनच. २००७ मध्ये दार उघडलं ते याच अटीवर. किमान मात्रा ४०० ग्रे, प्रक्रिया भारतातच, अमेरिकन निरीक्षकाच्या देखरेखीखाली. लासलगावचं ‘कृषक’ केंद्र आणि वाशीचं पणन मंडळाचं केंद्र याच कामासाठी वापरतात. आणि अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात आयनीकारक विकिरण सरळ निषिद्ध आहे. कलमाला आयुष्यात एक थेंब रासायनिक औषध लागलेलं नसेल, बागेकडे थेट अमेरिकन प्रमाणपत्र असेल, तरी खोका किरणांखालून गेला की आतलं फळ ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. सेंद्रिय नाही, म्हणून चेकऑफची सूटही नाही.

खोक्यावर विकिरणाचं हिरवं चिन्ह आणि ‘विकिरण प्रक्रिया केलेले’ ही ओळ सक्तीची असते. त्याच खोक्यावर, नाहीतर बीजकात, ‘ऑरगॅनिक’ शब्द राहून गेला तर दोन परस्परविरोधी दावे एकाच कागदावर येतात. बागेतून निघताना लावलेले ‘सेंद्रिय हापूस’चे छोटे गोल स्टिकर फळावर तसेच राहतात, हे बऱ्याचदा होतं. पॅकिंगच्या टेबलावर ते काढायला लावा. अमेरिकेत जाणाऱ्या लॉटसाठी बिनशब्दांचे स्टिकर वेगळे छापून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’ हे आपल्याकडचे शब्द तर या हिशेबात धरलेच जात नाहीत.

मेक्सिकोच्या मालाला हे आडवं का येत नाही? कारण तिथे फळमाशीसाठी गरम पाण्याची प्रक्रिया मान्य आहे. ४६.१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात फळ बुडवून ठेवायचं. वेळ जातीच्या आकारावर आणि वजनावर ठरते. गोलसर जातीचं ५०० ग्रॅमपर्यंतचं फळ ७५ मिनिटं, ५०१ ते ७०० ग्रॅमचं ९० मिनिटं, ७०१ ते ९०० ग्रॅमचं ११० मिनिटं. चपट्या जातीच्या ३७५ ग्रॅमपर्यंतच्या फळाला ६५ मिनिटं पुरतात. साधं पाणी आणि उष्णता, सेंद्रिय नियमाला त्यात हरकत घेण्यासारखं काही नाही. युरोपला जाणारा आपला आंबाही गरम पाण्यातूनच जातो. अमेरिकेसाठी मात्र भारताच्या फळाला तो मार्ग उघडलेला नाही, कारण आपल्याकडे फळमाशीबरोबर कोयीतला भुंगा आहे. तो कोयीच्या आत बसतो, पाण्याची उष्णता तिथवर त्याला मारण्याइतकी पोचत नाही. किरण पोचतात.

तेव्हा हापूसचे २४ हजार पौंड साध्या मालात धरा. आकारणी होते १८० डॉलर. साडेतीन किलोच्या एका खोक्यामागे सहा सेंटांहूनही कमी. विमानभाड्यापुढे ही रक्कम कुठेच नाही; त्यासाठी चुकीचा दावा करून सेंद्रिय परवाना धोक्यात घालू नये.

---

हापूसवाट

दोघांचेही आभार. एक शंका: विकिरण ही सरकारचीच सक्ती आहे ना? सेंद्रिय नियमात ‘सरकारी कीड-निर्मूलनासाठी केलेल्या फवारणीने प्रमाणपत्र जात नाही’ असं कलम असल्याचं वाचलं. ते इथे लावता येणार नाही का?

---

कलमबाग

ते कलम नीट वाचा. ते आणीबाणीच्या कीड किंवा रोग मोहिमेसाठी आहे: सरकारने एखाद्या भागात फवारणी केली आणि तुमचं शेत त्यात सापडलं, तर शेताचा सेंद्रिय दर्जा टिकतो. पण ज्या पिकाला ते औषध लागलं ते काढलेलं पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. म्हणजे वाचते ती जमीन, फळ नाही. विकिरण तर आयातीची कायमची अट आहे, आणीबाणी नाही. तो रस्ता बंद समजा.

बागायतदारांना सांगण्यासारखं एवढंच: ताज्या फळाऐवजी डबाबंद रसासाठी थेट अमेरिकन सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलं तर ते उपयोगी आहे. रस उष्णतेने निर्जंतुक होतो, विकिरण लागत नाही, सेंद्रिय शब्द टिकतो. आणि मँगो बोर्डाची ही आकारणी ताज्या फळावर असल्याने डबाबंद रसावर सुटीचा प्रश्नच येत नाही. फक्त बाग आणि रस काढणारा कारखाना, दोघांचंही प्रमाणपत्र हवं. कारखान्याचं नसेल तर बागेचं वाया जातं.

---

पावतीपुस्तक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं.

सूट मागे जाऊन लागत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या कालावधीपासून ती सुरू होते, त्यामुळे अर्ज न करता मागच्या हंगामांत भरलेले पैसे गेले असं समजा. परतावा मिळतो तो असा: सुटीचं प्रमाणपत्र हातात आहे, पण एखाद्या एण्ट्रीवर ब्रोकरने क्रमांक टाकायचा राहिला आणि कस्टम्सने पैसे कापले. मग बोर्डाकडे मागणी करायची, सोबत त्या एण्ट्रीचा फॉर्म ७५०१, भरल्याचा पुरावा आणि त्या लॉटचे सेंद्रिय कागद. कस्टम्सकडे दाद मागण्यात अर्थ नाही, ते फक्त वसुली करून पैसे पुढे पाठवतात.

जाता जाता, वर्षाला ५ लाख पौंडांपेक्षा कमी ताजा आंबा आणणाऱ्यांना सेंद्रिय असो वा नसो, एकंदरीतच सूट मागता येते. तुम्ही त्या मर्यादेच्या वर आहात. पण हंगामापुरता दोन-चार खेपा हापूस आणणारी मराठी मंडळी न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात बरीच आहेत आणि ती जवळजवळ सगळी या मर्यादेच्या खाली असतात. कस्टम्सला तुमचा वर्षाचा आकडा माहीत नसतो, ते पहिल्या पौंडापासून कापतात. सूट मागितली नाही तर कापलेलं तसंच राहतं. विकिरणामुळे सेंद्रिय सूट मिळत नसली तरी छोट्यांसाठी हा दरवाजा आहे.

---

गोठा_विस्कॉन्सिन

विषय आंब्याचा आहे, पण नियम एकच असल्याने विचारतो. ६० गाईंचा सेंद्रिय गोठा, दूध संघ दर शंभर पौंडांमागे १५ सेंट कापतो. वरच्याच पद्धतीने सूट मिळेल का? त्याच गोठ्यातल्या भाकड गाई बाजारात विकताना दर जनावरामागे १ डॉलर कापतात, तोही यात येतो का?

---

धारोष्ण

दुधाचं उत्तर हो, जनावरांचं बहुतेक वेळा नाही. का ते सांगते.

दुधाच्या १५ सेंटांतले १० सेंटपर्यंत राज्याच्या किंवा विभागाच्या मान्यताप्राप्त कार्यक्रमाला जाऊ शकतात आणि ५ सेंट राष्ट्रीय डेअरी बोर्डाला. सेंद्रिय सूट या पूर्ण १५ सेंटांवर आहे, नुसत्या पाचांवर नाही. काही संघ ५ सेंट थांबवतात आणि १० कापत राहतात, म्हणून पावतीवर दोन्ही आकडे बघा. मात्र एखाद्या राज्याने स्वतःच्या कायद्याने वेगळी वर्गणी लावली असेल तर ती या संघीय सुटीत येत नाही. त्यासाठी त्या राज्याचा कायदा बघावा लागतो.

फॉर्म तोच, एएमएस-१५, पण राष्ट्रीय डेअरी बोर्डाकडे. प्रत्येक बोर्डाचा अर्ज स्वतंत्र असतो, आंब्याचं प्रमाणपत्र दुधाला चालत नाही. आयातदाराला मिळतो तसा क्रमांक इथे कस्टम्सला दाखवायचा नसतो. इथे वसुली दूध घेणारा करतो, म्हणून सुटीच्या प्रमाणपत्राची प्रत त्याच्याकडे पोचवायची. बोर्डाने मंजुरी दिली आणि प्रत संघाच्या हिशेब विभागात गेलीच नाही, तर कपात चालूच राहते. मंजुरीचं पत्र फ्रीजवर चुंबकाने लावून काही होत नाही, ते चेक काढणाऱ्या माणसाच्या टेबलावर जायला हवं.

रक्कम किती? ६० गाई, दिवसाला सरासरी ४५ पौंड धरा. वर्षाचं ९,८५,५०० पौंड, म्हणजे शंभर पौंडांचं एक असे ९,८५५ हंड्रेडवेट. १५ सेंटांनी सुमारे १,४७८ डॉलर. गोठा साध्याकडून सेंद्रियकडे जाण्याच्या, म्हणजे संक्रमणाच्या, बारा महिन्यांत असेल तर ते दूध अजून सेंद्रिय नाही, तोवर पूर्ण १५ सेंट द्यावेच लागतात. संक्रमण संपायच्या दोन महिने आधी फॉर्म भरून ठेवा आणि सेंद्रिय प्रमाणपत्र आल्या दिवशी पाठवा.

आता भाकड गाय. गोमांसाचा चेकऑफ जनावरामागे १ डॉलर आहे आणि त्याचं बोर्ड वेगळं. सूट तिथेही आहे, पण फक्त सेंद्रिय प्रमाणित जनावराला. आणि कत्तलीच्या जनावरासाठीचा नियम दुधाच्या नियमापेक्षा कडक आहे: आईच्या गाभणकाळाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शापासून ते जनावर सतत सेंद्रिय व्यवस्थापनात हवं. बारा महिन्यांच्या संक्रमणातून आलेल्या गाईचं दूध सेंद्रिय ठरतं, पण तिचं मांस कधीच सेंद्रिय ठरत नाही. म्हणून तिच्या विक्रीवर १ डॉलर लागतो, आणि तो बरोबरच आहे. गोठ्यातच, सेंद्रिय आईच्या पोटी जन्मलेली गाय असेल तर गोष्ट वेगळी. पण मग कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावरून जन्माची नोंद दाखवता आली पाहिजे. ज्या गोठ्यांत दोन्ही प्रकारच्या गाई आहेत त्यांनी बिल्ल्यांचा रंग वेगळा ठेवावा. बाजाराच्या दिवशी ट्रकजवळ उभं राहून वह्या चाळण्यापेक्षा ते सोपं. प्रमाणित शेताला नोंदी पाच वर्षं ठेवाव्याच लागतात, त्याच इथे कामी येतात.

---

बदामी

कोणी कॅलिफोर्नियातून वाचत असेल तर एक फरक ध्यानात घ्या. बदाम, बेदाणे अशा काही पिकांवर संशोधन-प्रसाराचा चेकऑफ नसून ‘मार्केटिंग ऑर्डर’ आहे. तो १९३७ च्या कायद्याखालचा जुना प्रकार. त्या आकारणीत जाहिरातीबरोबर दर्जा तपासणी, संशोधन, कार्यालयाचा खर्च असं सगळं असतं. सेंद्रिय सूट त्यातल्या फक्त बाजारप्रसाराच्या हिश्शाला लागते. समजा आकारणी पौंडाला ३ सेंट आणि त्या वर्षी प्रसाराचा वाटा ६० टक्के, तर सेंद्रिय मालावर १.२ सेंट भरावेच लागतील. वाटा दरवर्षीच्या अंदाजपत्रकाप्रमाणे बदलतो, म्हणून मागच्या वर्षीचा आकडा धरून हिशेब करू नका.

दुसरं, अर्ज शेतकऱ्याने नाही, हँडलरने (शेतकऱ्याचा माल घेऊन बाजारात नेणाऱ्याने) करायचा, आणि फॉर्मही वेगळा. बदाम पिकवणारा अर्ज करतो आणि तो परत येतो, कारण आकारणी भरणारा तो नसतोच. वाचलेली रक्कम हँडलर शेतकऱ्यापर्यंत पोचवतो की नाही हे त्यांच्या करारावर आहे. सेंद्रिय बदाम विकताना हे वाक्य करारात घालून घ्या. पौंडामागे दीड-दोन सेंटांचा प्रश्न असतो.

आणि ‘आम्हाला त्यांची जाहिरात नकोच, मग पैसे का?’ हा युक्तिवाद न्यायालयात संपलेला आहे. १९९७ मध्ये फळांच्या मार्केटिंग ऑर्डरच्या बाजूने निकाल गेला. २००१ मध्ये अळिंबीच्या चेकऑफविरुद्ध लागला, तेव्हा वाटलं होतं आता सगळेच कोसळतील. २००५ मध्ये गोमांसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही जाहिरात म्हणजे सरकारचंच बोलणं आहे असं धरलं आणि आकारणी टिकली. सेंद्रिय उत्पादकाला बाहेर पडायचं तर ते कायद्यातल्या सुटीनेच. माझ्या मते ही सूट न्याय्य आहे. ‘दूध प्या’ म्हणणाऱ्या जाहिरातीत सेंद्रिय दूध आणि साधं दूध यांत फरक सांगायला परवानगीच नसते, मग सेंद्रिय गोठ्याने तिचे पैसे का भरावेत?

---

गोठा_विस्कॉन्सिन

धारोष्णताई, फारच उपयोगी. पावती काढून बघितली, १० आणि ५ असे दोन आकडे वेगळे दिसतात. मग सेंद्रिय मालाचा स्वतःचा चेकऑफ येणार होता, त्याचं काय झालं? तो आला तर ही सूट जाईल का?

---

बदामी

तो प्रस्ताव ऑरगॅनिक ट्रेड असोसिएशनचा होता. कृषी खात्याने जानेवारी २०१७ मध्ये मसुदा प्रसिद्ध केला. वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त सेंद्रिय विक्री असलेल्यांनी निव्वळ विक्रीच्या एक दशांश टक्का द्यायचा, असं त्यात होतं. शेतकऱ्यांपासून प्रक्रियादारांपर्यंत मतं फार फाटली, आणि मे २०१८ मध्ये खात्याने प्रस्ताव मागे घेतला. तुमची सूट त्या प्रस्तावावर अवलंबून नाही. निर्धास्त अर्ज करा.

---

हापूसवाट

प्रमाणपत्र काढून बघितलं. पिकांच्या रकान्यात ‘ताजी फळे व भाज्या’ एवढंच आहे, आंब्याचं नाव नाही. प्रमाणन संस्थेला दुरुस्तीसाठी आजच लिहितो, ती आली की फॉर्म. ब्रोकरला दोन ओळींचं कळवलं, तो म्हणतो क्रमांक आला की फोनवर सांगा.

---

पावतीपुस्तक

फोनवर सांगू नका. क्रमांकात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’ ऐकताना हमखास बदलतात, आणि एक स्थान चुकलं की ती ओळ बिनक्रमांकाची धरली जाते. बोर्डाचं मूळ पत्र स्कॅन करून पाठवा, आणि पहिल्या एण्ट्रीचा ७५०१ आला की त्यातली सेंद्रिय ओळ स्वतः उघडून बघा: क्रमांक जसाच्या तसा आहे का, आणि त्या ओळीवर मँगो बोर्डाची रक्कम शून्य दिसते का.